दोन कार्बनांचं शेपूट

ओहोटीनंतर खडकांवर उरलेलं तपकिरी शैवाल हातात घेतलं तर ते चामड्यासारखं चिवट लागतं, वरून बुळबुळीत. फ्युकस जातीच्या शैवालावर हवेचे छोटे फुगे असतात, दाबले की फटकन फुटतात. याच शैवालातून रसायनशास्त्रज्ञ इयन हाइलब्रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक रेणू, वेगळं केलं, १९३४ साली त्याची माहिती छापून आली आणि नाव पडलं फ्युकोस्टेरॉल.

आपल्या पेशींच्या पटलात जे काम कोलेस्टेरॉल करतं, तेच तपकिरी शैवालात फ्युकोस्टेरॉल करतं. दोन्ही रेणूंची घडण जवळपास सारखी: चार कडी एकमेकांना जोडलेली आणि मागे एक शेपूट. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनचे २७ अणू, फ्युकोस्टेरॉलमध्ये २९. हे दोन जादा कार्बन शेपटावर, २४व्या कार्बनाला दुहेरी बंधानं जोडलेले असतात. फरक एवढाच, पण सगळी गंमत इथेच आहे.

धमनीच्या भिंतीतल्या भक्षक पेशी कोलेस्टेरॉल गिळत राहिल्या की चरबीनं फुगतात आणि तिथेच अडकून पडतात. पेशीत कोलेस्टेरॉल फार साठलं की एलएक्सआर नावाचा ग्राही, म्हणजे संकेत ओळखणारं प्रथिन, जागा होतो आणि ते बाहेर काढणाऱ्या पंपांची जनुकं चालू करतो. मग औषधानं हाच ग्राही जागा केला तर? तशी संयुगं प्रयोगशाळेत तयार झाली, आणि घोडं यकृतात अडलं. तिथे तोच ग्राही चरबी बनवणारी यंत्रणाही सुरू करतो. धमनी साफ करायला जावं आणि यकृतात चरबी साठावी, अशी गत.

फ्युकोस्टेरॉल इथेच वेगळं वागतं. पेशींवरच्या प्रयोगांत त्यानं भक्षक पेशींमधले पंप वाढवले, पण यकृताच्या पेशींत चरबी साठली नाही. कारण त्याच्यामुळे इन्सिग-२ए हे प्रथिनही वाढतं आणि ते चरबी बनवण्याच्या यंत्रणेला लगाम घालतं. या रेणूचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण हाच.

बाकी गुणांची यादीही लांबलचक आहे. यकृताला विषारी रसायन दिलेल्या उंदरांमध्ये त्यानं शरीराची स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवली. मधुमेही उंदरांची रक्तशर्करा उतरवली. दाह भडकवणारे संदेशही मंदावले. मात्र यातलं बरंचसं उंदरांवर किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलेलं आहे, माणसावर नव्हे, हे विसरून चालणार नाही.

या रेणूची एक ओळख समुद्रापासून फार दूर आहे. कीटकांना स्वतःचं स्टेरॉल बनवता येत नाही. रेशीमकिडा तुतीच्या पानातलं सिटोस्टेरॉल घेतो, आधी त्याचं फ्युकोस्टेरॉल करतो, मग ते दोन जादा कार्बन छाटून टाकतो, आणि अखेर हाती येतं कोलेस्टेरॉल! माणसाच्या शरीराला ही छाटणी जमत नाही.

पण फ्युकोस्टेरॉल मिळावं या आशेनं शैवाल भरमसाट खाऊ नये. तपकिरी शैवालात आयोडीन भरपूर असतं, थायरॉइडचा त्रास असलेल्यांना ते बाधू शकतं. हिजिकी या जातीत तर असेंद्रिय आर्सेनिकही असतं, आणि ब्रिटनच्या अन्न सुरक्षा यंत्रणेनं ती खाऊ नका असंच लोकांना सांगितलं आहे.