डॅफोडिल कुणाला द्यावं, कधी द्यावं
रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अलीकडे हिवाळा लागला की आमच्याकडे डॅफोडिलची विचारणा सुरू होते. कुणाला ते निवृत्त होणाऱ्या बाईंसाठी हवं असतं, कुणाला नागपूरच्या दवाखान्यातून घरी आलेल्या काकाजींसाठी, कुणाला लग्नाच्या वाढदिवसासाठी. बहुतेकांनी ते मोबाईलवर पाहिलेलं असतं किंवा शाळेत इंग्रजीच्या तासाला ऐकलेलं असतं. हे फूल द्यायला आम्हाला मनापासून आवडतं. पण ते आपल्या काळ्या मातीतलं नाही. म्हणून देण्याआधी त्याचा अर्थ, त्याचा हंगाम आणि त्यातला धोका तुम्हाला माहीत असावा, एवढ्यासाठी हे पत्रक.

हे फूल काय सांगतं

डॅफोडिलचं मूळ घर स्पेन, पोर्तुगाल आणि भूमध्य समुद्राच्या आसपासचा मुलूख. युरोपच्या उत्तरेकडे हिवाळा लांब आणि उदास. झाडांवर पान नसतं, सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो. अशा दिवसांत जमिनीखालच्या कांद्यातून अगदी सुरुवातीला जी फुलं वर येतात, त्यांत हे एक आहे. मधोमध पिवळा भोंगा, भोवती सहा पाकळ्या. ते दिसलं की लोकांनी समजायचं, कठीण दिवस सरत आले. युरोपात या फुलाला जो मान आहे तो यातून आला. वेल्समध्ये १ मार्चला, संत डेव्हिड यांच्या दिवशी, लोक ते छातीवर लावून मिरवतात. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाचं फूल म्हणूनही तिकडे हेच मानतात.

आशेचं फूल अशी त्याची जगभर ओळख झाली ती मात्र कर्करोगामुळे. कॅनडातल्या टोरंटो शहरात १९५० च्या दशकात कर्करोग संस्थेच्या स्वयंसेवकांनी निधी गोळा करायला चहापान ठेवलं आणि टेबलांवर डॅफोडिल मांडले. त्या साध्या सजावटीतून पुढे ‘डॅफोडिल दिवस’ सुरू झाला. आज आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही या फुलाच्या नावाने कर्करुग्णांसाठी पैसा उभा राहतो. किमो संपवून गावी परतलेल्या माणसाला काय न्यावं असं कुणी विचारलं, की आम्ही आधी याचंच नाव घेतो.

याच कुळातल्या फुलाला आपण नर्गिस म्हणतो. फारसी आणि उर्दू शायरीत नर्गिस म्हणजे डोळा, वाट पाहणारा. काश्मीरमध्ये ती बर्फ वितळताना फुलते आणि तिथे तिला यंबरजल म्हणतात. चिनी लोक नववर्षाला ती खडे आणि पाणी घातलेल्या वाडग्यात फुलवतात. वेळेवर फुलली तर वर्ष भरभराटीचं जाणार अशी त्यांची समजूत. स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या तरुणाची ग्रीक कथाही या फुलाला चिकटलेली आहे. त्यामुळे काही जण याला अहंकाराचं फूल म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. जे फूल थंडीवाऱ्यात मान खाली घालून उभं राहतं, त्यात अहंकार कसला?

एकच डॅफोडिल देऊ नये, जुडीने द्यावं, असा इंग्रजांकडे रिवाज आहे. एकटं फूल अशुभ मानतात. शुभ-अशुभाचं आम्ही बोलत नाही, पण जुडी डोळ्यांना भरते हे खरं. पाच-सहा दांड्या तरी घ्या.

आपल्याकडे ते कसं मिळतं

पिवळ्या डॅफोडिलच्या कांद्याला फुलण्याआधी १२ ते १६ आठवडे थंडी लागते, तीही साधारण ५ ते ९ अंशांची. आपल्याकडे पौषातली पहाट कितीही बोचरी असली तरी दुपारी ऊन तापतंच. म्हणून आम्ही कांदे फ्रिजमध्ये ठेवून त्यांचा हिवाळा पुरा करतो आणि जानेवारीत कुंडीत लावतो. फुलं येतात ती फेब्रुवारीत. घरी हा प्रयोग करायचा असेल तर त्या फ्रिजमध्ये केळी, सफरचंद, टमाटे ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने कांद्यातली कळी आतल्या आत मरते. आणि आधीच सांगतो: विदर्भाच्या उन्हाळ्यातून निघालेला हा कांदा पुढच्या वर्षी बहुधा नुसती पानंच देतो. एका हंगामाची भेट समजूनच घ्या.

पांढऱ्या, झुपकेदार नर्गिसला ही थंडी लागत नाही. उथळ भांड्यात खडे घाला, वर कांदे बसवा, बुडाला टेकेल इतकंच पाणी ठेवा. चार ते सहा आठवड्यांत फुलं येतात. डिसेंबरच्या सुरुवातीला बसवलेली नर्गिस संक्रांतीला तयार. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा कळी धरलेला एकेक कांदा दिला, तर तो फुलेपर्यंत घरोघरी तुमची आठवण निघेल. गेल्या संक्रांतीला काही भगिनींनी असं वाण लुटलं, त्याचं आम्हाला फार समाधान आहे.

जपायचं काय

हा भाग कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. डॅफोडिल आणि नर्गिस विषारी आहेत, आणि सगळ्यात जास्त विष कांद्यात असतं. दिसायला तो थेट भाजीच्या कांद्यासारखा. इंग्लंडमध्ये २००९ साली एका शाळेत मुलांनी केलेल्या सूपमध्ये चुकून डॅफोडिलचा कांदा पडला आणि मुलांना उलट्या झाल्या. म्हणून आम्ही प्रत्येक पिशवीवर लाल चिठ्ठी लावतो. ती काढू नका, आणि पिशवी स्वयंपाकघरात ठेवू नका. बकऱ्या, वासरं, लहान लेकरं यांच्यापासून कुंडी दूर ठेवा. दांडीच्या चिकाने काहींच्या हाताला खाज सुटते, हात धुऊन घ्या. तोच चीक पाण्यात उतरला की फुलदाणीतली दुसरी फुलं माना टाकतात. डॅफोडिल आधी रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवा, नंतर दांडी पुन्हा न कापता इतर फुलांत मिसळा.

आजाऱ्याकडे नेताना आणखी एक. किमो चालू असताना प्रतिकारशक्ती उतरलेली असते, तेव्हा ताजी फुलं आणि मातीची कुंडी जवळ नको असं डॉक्टर अनेकदा सांगतात. आधी घरच्यांना विचारा. उपचार संपल्यावर न्या, त्या वेळी तर ती जास्त शोभते. पांढऱ्या नर्गिसचा वास उग्र असतो. बंद खोलीत ती नकोच.

डॅफोडिलचा हंगाम नसेल तेव्हा

कठीण दिवस कॅलेंडर बघून येत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात कुणी डॅफोडिल मागितलं तर आम्ही त्याच कुळातले दोन कांदे दाखवतो. एक मे फ्लॉवर. पारा ४५ च्या वर गेलेला असताना उघड्या मातीतून नुसता दांडा येतो आणि त्यावर लाल फुलांचा चेंडू. दुसरी रेन लिली, पिवळी आणि गुलाबी. मृगाचा पहिला पाऊस पडला की काही दिवसांत ती अंगणभर उघडते. दोन्ही मुळात परदेशी, पण आपलं ऊन त्यांनी पचवलं आहे आणि कांदे दरवर्षी वाढत जातात. तिकडे बर्फानंतर डॅफोडिल जे सांगतं, ते आपल्या उन्हाळ्यात ही फुलं सांगतात. ज्या घरात तेरवी नुकतीच झाली आहे तिथे न्यायला आम्ही मे फ्लॉवरच सुचवतो. आज लावलेला कांदा वर्षश्राद्धाच्या सुमारास त्या अंगणात पुन्हा फुलण्याची आशा असते. हे कांदेही खाण्याचे नाहीत, तीच काळजी घ्या.

मागणी कशी नोंदवावी

पिवळ्या डॅफोडिलची नोंद दसऱ्यापर्यंत करा, त्यानंतर कांद्याची थंडी पुरी होत नाही. पांढरी नर्गिस दिवाळीनंतरही चालते. मे फ्लॉवर आणि रेन लिली मार्चपासून मिळतात. भेट कुणासाठी आणि कशासाठी आहे ते नोंद करताना सांगा, म्हणजे कळी कितपत उमललेली द्यायची ते आम्हाला ठरवता येतं. लांब गावी न्यायची असेल तर मान नुकतीच वाकलेली, मिटलेली कळीच देतो. सोबतच्या चिठ्ठीवर आम्ही छापील मजकूर देत नाही. कागद कोरा असतो. दोन ओळी तुम्हीच लिहा, आणि लिहिणं जमत नसेल तर तुम्ही सांगाल तसं आम्ही तुमच्यासमोर लिहून देऊ.