त्वरित संदेशवहनातील एंड-टू-एंड सुरक्षेची मानके

पाठवणाऱ्याच्या उपकरणावर कूटबद्ध झालेला संदेश घेणाऱ्याच्याच उपकरणावर उलगडावा, वाटेतल्या सर्व्हरला तो वाचता येऊ नये आणि निरनिराळ्या लोकांनी लिहिलेल्या ॲपना हे एकाच रीतीने करता यावे, यासाठी ठरवलेले लेखी नियम म्हणजे ही मानके होत. सर्व्हरपर्यंतचा दुवा सुरक्षित करणारे टीएलएस येथे अपुरे पडते, कारण सर्व्हरवर पोहोचताच संदेश उघडा होतो.

2004 मध्ये इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने एक्सएमपीपी हे संदेशवहनाचे मानक प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी आरएफसी 3923 मध्ये (आरएफसी म्हणजे आयईटीएफचे क्रमांकित दस्तऐवज) त्याच्या एंड-टू-एंड कूटलेखनाची रीतही सांगितली. ती ईमेलच्या एस/माइम पद्धतीवर आणि प्रत्येकाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रावर बेतलेली असल्याने फारशी वापरात आली नाही. त्याच सुमाराच्या ओटीआर (ऑफ द रेकॉर्ड) प्रोटोकॉलने दर संभाषणाला ताज्या किल्ल्या, म्हणजे संदेश कूटबद्ध करण्याच्या आणि उलगडण्याच्या संख्या, दिल्या. मात्र त्यासाठी दोघेही एकाच वेळी ऑनलाइन असावे लागत, आणि मोबाइलच्या काळात हीच अट जाचक ठरली.

ही अडचण सिग्नल प्रोटोकॉलने सोडवली, आणि ती युक्ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक फोन काही सार्वजनिक, म्हणजे कोणालाही दिल्या तरी चालणाऱ्या, किल्ल्या सर्व्हरवर आधीच ठेवून देतो; त्यांच्या जोडीच्या गुप्त किल्ल्या फोनमध्येच राहतात. समोरच्याचा फोन बंद असला तरी पाठवणारा त्यांतली एक उचलतो, आपल्या किल्लीशी तिचा मेळ घालून सामाईक गुपित काढतो आणि लगेच संदेश धाडतो. पुढचे काम डबल रॅचेट ही किल्ल्या सतत बदलत राहण्याची रीत करते. एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकाप्रमाणे दर संदेशाची किल्ली आधीच्या टप्प्यावरून निघते, पण उलट जाता येत नाही. वापरलेली किल्ली पुसून टाकल्यामुळे आज फोनमधल्या किल्ल्या चोरीला गेल्या तरी कालचे संदेश त्यांनी उघडत नाहीत. आणि उत्तरांबरोबर नव्या किल्ल्यांची देवघेव होत राहिल्याने चोराच्या हातची माहितीही लवकरच निरुपयोगी होते.

गटांसाठी 2018 मध्ये आयईटीएफने एमएलएस (मेसेजिंग लेयर सिक्युरिटी) कार्यगट स्थापला. त्याचे मानक, आरएफसी 9420, जुलै 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सदस्यांच्या किल्ल्या वृक्षाकार मांडलेल्या असतात, त्यामुळे 1,024 जणांच्या गटात एकाने किल्ली बदलली तर अनुकूल स्थितीत सुमारे 10 पायऱ्यांचे काम पुरते.

खरा अवघड प्रश्न मात्र ओळखीचा आहे. सर्व्हरने मित्राच्या नावावर भलत्याचीच किल्ली हाती दिली, तर उत्तम कूटलेखनही त्या भलत्यासाठीच संदेश बंद करते. म्हणून सिग्नल ॲप 60 अंकी सुरक्षा क्रमांक दाखवते; दोघांनी तो समोरासमोर ताडून पाहावा अशी अपेक्षा असते. एमएलएस मानकाने सदस्यांची ओळख पटवणारी सेवा गृहीत धरली आहे, पण ती कशी उभारायची याचा निर्णय वापरणाऱ्या ॲपवर सोपवला आहे.