१२ डिसेंबरची मुदत

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निकालावरून तंटा झाला की तो कुणी सोडवायचा, याचे उत्तर दर वेळी बदलत आले आहे. १८०० आणि १८२४ चे पेच प्रतिनिधीगृहाने सोडवले. आजचे नियम मात्र १८७६ च्या गोंधळातून आले. तेव्हा दक्षिणेतल्या तीन राज्यांतून निकालाचे परस्परविरोधी कागद आले आणि ओरेगनचे एक मत धरून मतदारमंडळाची (राज्याराज्यांतून निवडलेल्या, अध्यक्ष ठरवणाऱ्या प्रतिनिधींची) २० मते लटकली. डेमोक्रॅटिक उमेदवार बहुमतापासून एका मताने दूर होता. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नेमलेल्या १५ जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ अशा पक्षनिहाय कौलाने वीसच्या वीस मते रिपब्लिकन उमेदवाराला दिली. निकाल १८५-१८४.

पुन्हा अशी वेळ नको म्हणून १८८७ चा कायदा आला. मतदारमंडळाच्या बैठकीच्या सहा दिवस आधी राज्याने आपल्या आधीच ठरलेल्या नियमांनी वाद मिटवला, तर काँग्रेसने तो निकाल मानायचा, असे त्यात होते. यालाच 'सेफ हार्बर' म्हणतात. मुदत चुकली तर ही हमी जात होती, मते बाद होत नव्हती. १९६० मध्ये हवाईची फेरमोजणी मतदारमंडळ भरून गेल्यावर संपली, निकाल फिरला, तरी काँग्रेसने नवीनच मते धरली. काँग्रेसमधल्या त्या मतमोजणीच्या अध्यक्षस्थानी होते उपाध्यक्ष निक्सन, म्हणजे हरलेले उमेदवारच!

२००० मध्ये ही मुदत १२ डिसेंबरला होती. फ्लोरिडात साठ लाखांच्या आसपास मतांत बुश आणि उपाध्यक्ष गोर यांच्यातला फरक ५३७ चा. यंत्राला कौल न सापडलेल्या मतपत्रिका हाताने मोजा, असे राज्याच्या न्यायालयाने ८ तारखेला सांगितले. या मतपत्रिकांत भोक पाडून मत द्यायचे; भोकाचा तुकडा अर्धवट लोंबतोय की नुसता खळगा पडलाय, यावर मत धरायचे की नाही हे ठरत होते, आणि निकष काउंटीगणिक वेगळे. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोजणी थांबवली. १२ च्या रात्री निकाल आला: निकषांतली विषमता घटनाबाह्य आहे, यावर सात न्यायमूर्तींचा आक्षेप जुळला, पण फेरमोजणीला आता वेळ उरलेला नाही, हे फक्त पाच जणांचे मत. राज्याला हमीचा लाभ हवाच आहे, असे त्यांनी गृहीत धरले. मतदारमंडळ भरणार होते १८ ला. मोजणी स्वतःच थांबवायची आणि मग वेळ संपली म्हणायचे, हे पटणे कठीणच. शिवाय हा निकाल या प्रकरणापुरताच, अशी पुस्तीही जोडलेली.

६ जानेवारी २००१ ला काँग्रेसमधल्या मतमोजणीत हरलेल्या उपाध्यक्षांनीच आपल्या बाजूचे आक्षेप फेटाळले, कारण त्यांवर एकाही सिनेटरची सही नव्हती. २०२१ मध्ये सह्या मिळाल्या, ॲरिझोना आणि पेनसिल्व्हेनियावरचे आक्षेप मतदानाला आले आणि पडले. मधल्या वेळात जमाव काँग्रेसच्या इमारतीत घुसला होता. १८८७ च्या कायद्याला डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आक्षेपाला दोन्ही सभागृहांत एक-पंचमांश सदस्यांची अट घातली आणि उपाध्यक्षांचे काम केवळ औपचारिक ठरवले. सहा दिवसांच्या मुदतीचा अर्थही बदलला: तोवर गव्हर्नरने प्रमाणपत्र काढलेच पाहिजे. न्यायालयाने ते बदलायला लावले, तर मतदारमंडळ भरण्याआधी निघालेले नवे प्रमाणपत्र ग्राह्य.