सोलापूरचे हात आणि त्यांची दुखणी : पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी कुठल्याही बोळातून गेलं, की दारात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतात. सुपात भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप, कात्री, तंबाखू, दोरा. पान मापाबरहुकूम कापायचं, तंबाखू पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे एवढ्या सगळ्या हालचाली दिवसभरात किती वेळा होत असतील याचा अंदाज कुणालाही करता येईल. यंत्रमागावर धोट्यातली कांडी बदलणारे, तुटलेले धागे बांधणारे, गणवेशांच्या कारखान्यात दिवसभर कात्री चालवणारे यांचंही तेच. तरी ‘हाताला मुंग्या येतात’, ‘मनगट धरतं’ ही तक्रार आपल्याकडे आजारात धरली जात नाही, कामातच जमा होते. हे मला पटत नाही. ही दुखणी ओळखता येतात, वेळेत गेलं तर बरीचशी बरीही होतात.

कामाचा आणि दुखण्याचा संबंध फार आधी लक्षात आला होता. इटलीतले वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या प्रश्नांत एकाची भर घातली : तुम्ही काम काय करता? १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी एका लेखनिकाची हकिकत दिली आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात कामातून गेला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला, तर काही काळाने तोही तसाच झाला.

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक महत्त्वाची नस त्यातून जाते. तिथे सूज आली की नस दबते. लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये मनगटाच्या हाडाच्या मोडीनंतर असा दाब पडलेला रोगी नोंदवला. त्याच्या बोटांवरच्या जखमा कशानेच भरत नव्हत्या. नसेवरचा ताण सुटेल अशा रीतीने मनगट बांधल्यावर मगच त्या भरल्या. रात्री मनगटाला पट्टी लावण्याचा आजचा उपाय त्याच विचारातला आहे.

पण हे ज्ञान मधल्या काळात जणू बाजूला पडलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बधिरपणाचा दोष मानेजवळच्या बरगडीवर टाकला गेला आणि अनेकांच्या तिथे शस्त्रक्रिया झाल्या. १९५० च्या दशकात अमेरिकेतले जॉर्ज फॅलन यांनी सातत्याने लिहून मनगटाकडे लक्ष वळवलं. त्यांच्या नावाची चाचणी सोपी आहे : मनगटं मिनिटभर आतल्या बाजूला वाकवून ठेवायची आणि मुंग्या येतात का पाहायचं. आपल्याकडे आजही हात बधिर झाला की आधी मानेचा पट्टा येतो. मानेतूनही असा त्रास होतो, हे खरं. पण रात्री झोपमोड होत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, तर मनगट तपासायलाच हवं. अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा बसू लागला, वस्तू हातातून निसटू लागल्या, तर उशीर झाला आहे असं समजावं.

करंगळी बधिर होत असेल तर नस वेगळी, ती कोपराजवळ दबते. आपल्या भागात इथे कुष्ठरोगाची शंकाही मनात ठेवावी लागते, कारण तो हीच नस पकडतो आणि बोटं वाकवतो. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वाकलेल्या बोटांवर वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेलं शस्त्रक्रियेचं काम भारतातल्या हस्तशल्यचिकित्सेचा पाया मानलं जातं.

अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखणं वेगळं. स्विस सर्जन फ्रिट्स द कर्व्हँ यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. धुणं पिळताना, बाळ उचलताना तिथे कळ येते, म्हणून बाळंतिणींत ते पुष्कळ दिसतं. बोट अडकून कट्‌ आवाजाने सुटणं हा आणखी एक प्रकार, तो मधुमेह्यांत जास्त. मनगटावरची द्रवाची मऊ गाठ दुखत नसेल तर तशीच राहू द्यावी. ठोकून फोडायला जाऊ नये.

मालिशवाल्याकडून नस ‘उतरवून’ घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, विश्रांती परवडत नाही हे त्यामागचं कारण आहे. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला, त्यांच्यासाठी दवाखानेही चालतात. पण हजारी मजुरीत एक दिवस खाडा म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. म्हणूनच रात्रीची पट्टी सोयीची, तिने काम थांबत नाही. तिने भागलं नाही तर स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. त्यानेही जमलं नाही तर मनगटातल्या बोगद्यावरचा तो जाड पट्टा सोडवायची छोटी शस्त्रक्रिया भूल फक्त हाताला देऊन होते. टाके सुकेपर्यंत हात जपावा लागतो आणि जड काम काही आठवडे बंद ठेवावं लागतं, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्यावं.