डोळ्याच्या कोपऱ्यातला सिनेमा

त्या चित्रपटाचा पहिला भाग मी फोनवर पाहिला होता, तोही तीन तुकड्यांत. उडती यानं, स्फोट, कोसळणाऱ्या इमारती, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि विसरायलाही झालं. दुसरा भाग मात्र मित्राच्या आग्रहाखातर महाकाय पडद्यावर पाहिला. दहाव्या मिनिटाला नायकाचं यान ढगांतून बाहेर पडलं, एका कड्यावरून सावकाश तरंगत निघालं आणि कडा संपताच दरीत झेपावलं. माझ्या दोन्ही हातांनी खुर्चीचे हात गच्च धरले. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. गोष्ट अजून सुरूही झाली नव्हती, नायक जगला काय नि मेला काय मला सोयरसुतक नव्हतं, तरी पोटात गोळा आला तो आलाच.

थोड्या वेळाने तशीच दुसरी झेप आली, तेव्हा एक उद्योग केला. घोड्याला झापडं बांधतात तसे दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडेला धरले, मधला भाग तेवढा दिसेल असे. यान तेच, दरी तीच, आवाजही तोच. पण गोळा गायब! हात काढले, थोड्या वेळात गोळा परत हजर. शेजारच्याने वळून पाहिलं, तेव्हा मी चष्मा नीट करत असल्याचं सोंग केलं.

म्हणजे मला हलवणारी गोष्ट, मी जिथे बघत होतो त्या मधल्या भागात नव्हती. ती कडेला होती, आणि तिथे तर मी बघतच नव्हतो.

मोठा पडदा म्हणजे नेमका किती मोठा? रुंदी २२ मीटर धरा आणि आपण १५ मीटरवर बसलोय असं समजा. तो डोळ्याशी सुमारे ७२ अंशांचा कोन करतो. ५५ इंची टीव्ही अडीच मीटरवरून २७ अंशांच्या आसपास भरतो. हातात आडवा धरलेला फोनही जवळपास तेवढाच भरतो, तेव्हा फोनवर सिनेमा बघणाऱ्यांना टीव्हीवाल्यांनी फार हसू नये. आपलं पूर्ण दृष्टिक्षेत्र आडवं सुमारे २०० अंशांचं असतं. महाकाय पडद्याचा सगळा खटाटोप त्यातला जास्तीत जास्त भाग व्यापण्यासाठी चाललेला असतो. १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात आयमॅक्स पहिल्यांदा लोकांसमोर आलं, ते याच हट्टापायी ७० मिलिमीटरची फिल्म प्रोजेक्टरमधून आडवी पळवत. एका फ्रेमला, म्हणजे फिल्मवरच्या एका चित्राला, कडेची १५ भोकं लागत. त्या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटाला १२ किलोमीटरहून लांब फिल्म होते. आता बहुतेक ठिकाणी डिजिटल प्रोजेक्टर आले, पण हट्ट तोच आहे.

एवढा मोठा पडदा आपण बघतो तरी कसा? खरं तर बघतच नाही. हात सरळ पुढे करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. डोळ्याला बारकाईने दिसतं ते साधारण तेवढंच, दोन अंशांच्या आसपास. दृष्टिपटलाच्या मधोमध फोव्हिआ नावाचा एक इवलासा खळगा आहे, सगळी बारीक नजर तिथे एकवटलेली असते. खात्री करायची असेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवा आणि ती न हलवता पुढचा चौथा शब्द वाचून दाखवा. एरवी हे जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत राहतो आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवून ‘सगळं स्पष्ट दिसतंय’ असं आपल्याला सांगतो. त्यात प्रेक्षकांच्या नजरा टिपणाऱ्या उपकरणांनी दाखवून दिलंय की वेगवान चित्रपट बघताना बहुतेकांचे डोळे एकाच वेळी एकाच जागी असतात. ती जागा म्हणजे बहुधा मध्याजवळचा एखादा चेहरा. शेकडो कलाकारांनी महिनोन् महिने राबून पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात उभं केलेलं जळतं शहर फारसं कोणी नीट पाहिलेलं नसतं.

पण ते वाया जात नाही. डोळ्याच्या कोपऱ्याला अक्षरं वाचता येत नाहीत, चेहरे ओळखता येत नाहीत. आपण हलतोय का, कुठल्या दिशेला आणि किती जोरात, एवढंच तो मेंदूला कळवत असतो. थांबलेल्या गाडीत बसलेलं असताना शेजारची गाडी सुटते आणि आपलीच निघाली असं वाटतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. जागेवर बसून होणाऱ्या या गतीच्या भासाला शास्त्रज्ञ व्हेक्शन म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने १८७५ मध्येच त्याचा अभ्यास मांडला होता. १९७० च्या दशकात माणसांना, भोवती फिरणाऱ्या आणि आतून पट्टे काढलेल्या पिंपात बसवून पाहिलं, तेव्हा मधली नजर झाकली तरी भास टिकायचा आणि कडेची झाकली की मावळायचा. माझ्या तळहातांनी तेच केलं होतं. (मधली नजर या कामी अगदीच निरुपयोगी नसते, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं, पण कडेचं पारडं जड ते जडच.) त्याच सुमारास ब्रिटनमध्ये छताला टांगलेल्या भिंतींची एक खोली केली होती. जमीन स्थिर, फक्त भिंती पुढेमागे झुलायच्या. नुकतीच उभी राहायला शिकलेली मुलं त्या खोलीत भिंत सरकताच डगमगली, काही तर चक्क पडली.

मग कान काय करत होता? तोल सांभाळायची मुख्य यंत्रणा तर आतल्या कानात आहे. तिथे अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव डोकं वळताना मागे रेंगाळतो आणि कॅल्शियमचे बारीक स्फटिक सरळ रेषेतला हिसका ओळखतात. मेख अशी की कानाला कळतो तो वेगातला बदल, वेग नव्हे. विमान ताशी ८०० किलोमीटरने एकसारखं जात असेल तर कान गप्प असतो. म्हणून पडद्यावरचं यान सावकाश, एका चालीत जाऊ लागलं की डोळा म्हणतो ‘निघालो’, कान म्हणतो ‘मला काही कळलं नाही’, आणि कानाचं हे मौन मेंदू संमती धरतो. मात्र या वाटाघाटीला वेळ लागतो. व्हेक्शन चढायला काही सेकंद जावे लागतात.

माझी त्या दुसऱ्या भागाबद्दलची तक्रार इथेच आहे. ती पहिली झेप एकसंध शॉटमध्ये होती, वीसेक सेकंदांची. शेवटची लढाई मात्र अर्धा तास चालली आणि त्यातला एकही शॉट तीन सेकंद टिकला असेल तर शपथ! इंग्रजी चित्रपटांतल्या शॉटची सरासरी लांबी १९३० च्या आसपास सुमारे १२ सेकंद होती, ती आता अडीच-तीन सेकंदांवर आली आहे. छोट्या पडद्यावर हे खपून जातं. मोठ्यावर, शरीर तरंगायला लागणार तेवढ्यात शॉट तुटतो आणि मेंदूला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एवढा पडदा भाड्याने घ्यायचा आणि त्याच्या एकमेव खास शक्तीला श्वासही घेऊ द्यायचा नाही!

त्यात सेकंदाला २४ फ्रेमचं गणित आहे. एखादी मोटरसायकल दोन सेकंदांत पडदा पार करते तेव्हा तिला ४८ फ्रेम मिळतात. २२ मीटर भागिले ४८, म्हणजे दर फ्रेमला जवळपास ४६ सेंटिमीटरची उडी. फोनवर हीच उडी तीन मिलिमीटरची असते. प्रत्येक फ्रेममध्ये वस्तूची कड फराटल्यासारखी पुसट होते म्हणून या उड्या सांधल्या जातात. कॅमेऱ्यात हे आपोआप होतं. संगणकाने काढलेलं चित्र मात्र स्वभावतः लख्ख असतं, त्यामुळे पुसटपणा त्यात मुद्दाम मोजून घालावा लागतो. १९८४ साली त्याची नेटकी पद्धत निघाली तेव्हा कुठे संगणकी वस्तू खऱ्या चित्रीकरणात मिसळू लागल्या. तरीही फार वेगाने कॅमेरा फिरवला तर मोठ्या पडद्यावर कडा थरथरतातच. कॅमेरामन मंडळींचा जुना ठोकताळा आहे: वस्तूला पडदा ओलांडायला सात सेकंद द्या.

दुसऱ्या भागाचा राक्षस पहिल्यापेक्षा मोठा हवा, हा अलिखित नियम. इथलाही होता, पण मला तो लहानच वाटला. कारण पावलांत आहे. चालताना पाय लंबकासारखा झुलतो आणि लंबकाला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाने वाढतो. माणसाच्या ५० पट उंच प्राण्याचं पाऊल सातपट संथ पडायला हवं, अर्ध्या सेकंदाऐवजी साडेतीन सेकंदांनी. आमचा राक्षस कबड्डीपटूसारखा धावत होता, साहजिकच वेशातला माणूस वाटत होता. पूर्वी लहान प्रतिकृती वापरणाऱ्या तंत्रज्ञांना हे पक्कं ठाऊक होतं. १६ पट लहान इमारत पाडायची तर कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा आणि ते चित्रण नेहमीच्या वेगाने दाखवायचं, मग ती पडद्यावर भारदस्त पडते. फक्त पाण्याने त्यांची फजिती व्हायची, कारण प्रतिकृती लहान केली म्हणून थेंब लहान होत नाहीत. आणि असा राक्षस मुळात उभा राहील का? गॅलिलिओने १६३८ मध्येच सांगून ठेवलंय की वजन घनाने वाढतं आणि हाडाची ताकद वर्गाने. उत्तर आपलं आपण काढावं.

आवाजाबद्दल थोडक्यात. पडद्याला बारीक भोकं असतात आणि त्यामागे स्पीकर. २० हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खर्जातल्या आवाजाच्या लाटेची लांबी १७ मीटर, ती कानापेक्षा छातीलाच जास्त कळते. तीस मीटरवर शेवटच्या रांगेत बसलेल्याला स्फोट दोन फ्रेम उशिरा ऐकू येतो. त्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण दृश्यानंतर आवाज येणं हे आयुष्यभर अंगवळणी पडलेलं असतं.

आणि एवढं सगळं वाढवूनही दुसरा भाग फिका का वाटतो? एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने वजनं उचलायला देऊन पाहिलं. हातात १०० ग्रॅम असताना जेवढी भर घातल्यावर फरक कळतो, त्याच्या दहापट भर एक किलोला लागते. नियम वजनाचा आहे, कोसळत्या इमारतींचा नव्हे, पण निर्मात्यांची पंचाईत हुबेहूब तशीच आहे. गेल्या वेळी एक शहर पाडलं, तर आता दोन पाडून भागत नाही.

त्या अर्ध्या तासाच्या लढाईत शेजारच्याने फोन काढला होता. चेहऱ्यावर निळा उजेड, अंगठा वर-खाली. मग लढाई संपली, संगीत थांबलं आणि पडद्यावर नुसती एक रात्रीची नदी आली. कॅमेरा पाण्यावरून पुढे सरकत राहिला, संथ, न तुटता. दहा-बारा सेकंद गेले असतील. त्याने मान वर केली नव्हती, नजर फोनवरच होती. पण अंगठा थांबला होता, आणि त्याचे दोन्ही पाय समोरच्या खुर्चीखाली जमिनीला घट्ट रोवलेले होते.