जिओकॅशिंगचा डबा (कोकण किनारपट्टी)

जिओकॅशिंगमध्ये कुणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाईटवर टाकतं आणि बाकीचे मोबाईल नाहीतर जीपीएस घेऊन शोधत फिरतात. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तस्साच परत ठेवायचा. खेळ सुरू झाला मे २००० मध्ये. अमेरिकन सरकारने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि लगेच ३ मे ला डेव्ह अल्मर याने ओरेगन राज्यात एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आता जागामालकाच्या परवानगीशिवाय डबा पुरायला नियमानेच मनाई आहे, दोन डब्यांत कमीत कमी १६१ मीटर अंतर लागतं, आणि ज्याने ठेवला त्यानेच तो सांभाळायचा असतो.

हे सांभाळणंच कोकणात अवघड जातं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी वरून पडणारं पाणी हा खरा त्रास नाही, कुठलाही बऱ्यापैकी डबा ते अडवतो. त्रास होतो डबा श्वास घेतो त्याचा. दुपारी उघडीप पडून कातळ तापला की आतली हवा फुगते, लिटरभराच्या डब्यात २५ चे ४५ अंश झाले तर साठ-पासष्ट मिली हवा बाहेर जाऊ बघते, मग आली सर की डबा एकदम गार होतो आणि तेवढीच हवा परत आत ओढायला लागतो, आणि त्यावेळी झाकणाच्या फटीत पाणी साचलेलं असलं तर हवेऐवजी पाणीच ओढलं जातं. असं दिवसातून चार-पाच वेळा, चार महिने. म्हणून डब्याचं प्लास्टिक किती जाड आहे त्यापेक्षा झाकणातली रिंग कशी आहे हे आधी बघायचं.

चारी बाजूंनी क्लिपा आणि झाकणाच्या खोबणीत सिलिकॉनची रिंग असलेला जेवणाचा प्लास्टिकचा डबा, अर्धा ते पाऊण लिटरचा, हा इथे सगळ्यात बरा. खेळाच्या हिशोबात १०० मिलीच्या आतला तो मायक्रो, तिथून १ लिटरपर्यंत स्मॉल, १ ते २० लिटर रेग्युलर आणि त्याच्यावर लार्ज. मोठा डबा ठेवायचा मोह होतो पण जेवढी जास्त हवा तेवढा मोठा श्वास, शिवाय लपवायला जागाही मिळत नाही. क्लिपांच्या बिजागऱ्या उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात, एक जरी तुटली तरी डबा बदलायचा, चिकटपट्टी लावून भागवायचं नाही. मायक्रोसाठी कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली फुगवायच्या आधीची जी जाड नळी असते ती झाकणासकट मिळाली तर उत्तम, जुन्या कॅमेरा रोलच्या काळ्या डब्या मात्र पाणी घेतात.

स्टीलचा टिफिन मजबूत दिसतो म्हणून लोक ठेवतात, पण साध्या टिफिनला रिंगच नसते, आणि खाऱ्या वाऱ्यात स्टीलवरसुद्धा ठिपके पडतात. परदेशात लष्करी काडतुसांच्या लोखंडी पेट्या फार वापरतात, रबराची गॅस्केट असलेल्या, तिकडच्या डोंगरात त्या वर्षानुवर्षं टिकतात, इथे रंगाला एक ओरखडा गेला की गंज. आणि तसली पेटी कोकण किनाऱ्यावर ठेवायची म्हणजे कमालच. १९९३ मध्ये शेखाडीला आरडीएक्स उतरलं होतं, २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बोट लागली, त्यामुळे बेवारस पेटी दिसली की लोक पोलिसांनाच फोन करणार आणि बरोबरच करणार. डबा पारदर्शक घ्यावा, वर मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे’ असं ठळक लिहावं, फोन नंबर द्यावा.

डबा ठेवायच्या आधी घरी तपासायची सोपी रीत आहे. आत कोरा टिश्यू पेपर टाकून डबा बंद करायचा, भर दुपारी खळ्यात तासभर तापवायचा आणि तापलेला असतानाच विहिरीच्या गार पाण्याच्या बादलीत दगडाखाली दाबून रात्रभर ठेवायचा. सकाळी बाहेरून पुसून मगच उघडायचा. टिश्यूचा कोपरा जरी ओला दिसला तरी तो डबा चकल्यांना ठेवा. नुसता नळाखाली धरून बघण्यात अर्थ नाही, त्यात श्वासाची परीक्षा होतच नाही.

तपासलेला डबाही माणसं बिघडवतात. वही ज्या झिप पिशवीत असते तिचा कोपरा रिंगेखाली अडकला की पाण्याला वाट मिळते, आणि रिंगेवर वाळूचा एक कण पुरतो. आत पेन्सिलच ठेवायची, जेल पेन पसरतं. साध्या कागदाला दमट हवेनेच बुरशी धरते त्यामुळे वॉटरप्रूफ कागदाची वही मिळाली तर घ्यावी. सिलिका जेलच्या पुड्या ठीक आहेत पण डबा पावसात दोनदा उघडला की त्या भरून जातात. खाऊ अजिबात नको, मुंग्या येतात आणि माकडं क्लिपा उघडत बसत नाहीत, डबाच फोडतात.

जागेचं म्हणाल तर गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, फट लपवायला झकास दिसते, पण जांभ्याच्या दगडात फुरसं असतं, शोधणारा न बघता हात घालणार, तेव्हा नकोच. त्यापेक्षा झाडाच्या बेचक्यात, जमिनीपासून वर, थोडा तिरका म्हणजे झाकणावर पाणी थांबत नाही. मालकाला विचारायचं, सातबाऱ्यावर पंधरा नावं असली तरी निदान राहतो त्याला. संरक्षित किल्ले, देवराया आणि सड्यावरची कातळशिल्पं सोडून द्यायची. पुळणीत काही ठेवलं तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जातं, आणि वेळास, आंजर्ले, गुहागरकडे हिवाळ्यात कासवं अंडी घालतात तिथे वाळू उकरायची नाही म्हणजे नाही.

आगोटीच्या खरेदीबरोबर मे अखेरीला डबा उचलून आणायचा, वेबसाईटवर तो तात्पुरता बंद दाखवायची सोय असते, रिंग काढून धुवायची आणि दसऱ्याच्या सुमारास परत ठेवायचा. शाळेच्या सहलीत किंवा होमस्टेच्या अंगणात मुलांसाठी एका दिवसाचा खजिना-शोध असेल तर एवढा खटाटोप लागत नाही, चिठ्ठ्या झिप पिशवीत आणि पिशव्या रिकाम्या बरण्यांत घातल्या की काम होतं, फक्त संध्याकाळी बरण्या मोजून परत घ्यायच्या.