नव्या वर्षाचा वाचनसंकल्प : आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या अखेरीस पुस्तक बदलायला येणारे अनेक सभासद ‘यंदा पन्नास पुस्तके वाचायचीच’ असा मनोदय आमच्याकडे बोलून दाखवतात आणि तो ऐकून आम्हाला मनापासून आनंद होतो. परंतु मार्च महिना उजाडेपर्यंत त्यांपैकी बऱ्याच जणांच्या नोंदी आमच्या देवघेव वहीत विरळ होत गेलेल्या दिसतात. याचे कारण आळस हे नसून, संकल्पाचा आकडा स्वतःच्या वाचनाकडे न पाहता ठरवलेला असतो, हे आहे, असे आमचे निरीक्षण आहे.

म्हणून संकल्प करण्यापूर्वी गेल्या वर्षी आपण किती वाचले, हे पाहावे. आपण वर्षभरात नेलेल्या पुस्तकांची नोंद आमच्याकडे असते. सभासद क्रमांक सांगितल्यास ती यादी आपल्याला काढून देऊ. तिच्यातील न वाचता परत केलेली पुस्तके आपली आपण वगळावीत. चौदा पुस्तके उरली, तर यंदा अठरा किंवा वीस हे उद्दिष्ट पुरेसे आव्हानात्मक आहे, पन्नास नव्हे.

यापुढची आमची सूचना अधिक महत्त्वाची आहे : शक्य असल्यास पुस्तके मोजू नयेत, पाने मोजावीत. पुस्तकांच्या संख्येत सातशे पानांची कादंबरी आणि नव्वद पानांचे नाटक यांची किंमत सारखीच, म्हणजे एक, धरली जाते; त्यामुळे आकडा गाठण्याच्या ओढीने वाचक नकळत बारीक पुस्तकांकडे वळतो आणि ज्या मोठ्या कादंबरीसाठी किंवा चरित्रासाठी त्याने मुळात वाचनाला वेळ काढायचे ठरवले होते, तीच वर्षभर मागे पडते. आमच्या कपाटातील जाडजूड ग्रंथ जानेवारीनंतर हलेनासे होतात, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते.

पानांचा हिशेब सोपा आहे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे नेहमीच्या गतीने वाचावे आणि पाने मोजावीत. समजा दहा पाने झाली, तर रोजच्या अर्ध्या तासात वीस पाने होतील. आठवड्यातील पाचच दिवस वाचन होईल असे धरले, तरी वर्षाचे २६० दिवस आणि ५,२०० पाने होतात, म्हणजे दोनशे पानांची सव्वीस पुस्तके. उरलेले दोन दिवस पाहुणे, प्रवास आणि आजारपण यांच्यासाठी राखून ठेवावेत. क्राउन आकारातील मोठ्या टायपाचे पान आणि डेमी आकारातील दाट छपाईचे पान यांत मजकुराचा बराच फरक असतो, हे खरे. पण वर्षभराच्या बेरजेत तो सहसा भरून निघतो, तेव्हा त्याची फार चिंता करू नये.

दिवाळी अंक मोजावेत का, असे आम्हाला दरवर्षी विचारले जाते. आमचे उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतील कितीतरी कथा-कादंबऱ्या पुस्तकरूपाने येण्यापूर्वी अशा अंकांतच प्रसिद्ध झाल्या आहेत. जे पुस्तकात आल्यावर वाचन ठरते, ते अंकात असताना वाचन नाही, असे म्हणता येणार नाही. जाहिरातींची पाने मात्र वगळावीत.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचीही जेवढी पाने वाचली तेवढी धरावीत. त्यामुळे न आवडलेले पुस्तक केवळ मोजणीसाठी रेटण्याची गरज उरत नाही. दर महिन्याला सारखाच वाटा ठेवू नये. घरात परीक्षा असलेले मार्च-एप्रिल आणि गणपतीचे दिवस हलके ठेवून मे महिन्याच्या सुट्टीत आणि पावसाळ्यात अधिक पाने घ्यावीत. जुलैच्या सुरुवातीला एकदा बेरीज करावी आणि उद्दिष्ट फारच दूर राहिले असल्यास ते कमी करण्यात कमीपणा मानू नये.

शक्य झाल्यास दर पाच पुस्तकांमागे एक आपण एरवी हात लावत नाही अशा प्रकारचे घ्यावे. कादंबरीच्या वाचकाने कवितासंग्रह, चरित्रांच्या वाचकाने विज्ञानविषयक पुस्तक किंवा अन्य भारतीय भाषेतून आलेला अनुवाद निवडावा. कोठून सुरुवात करावी हे सुचत नसल्यास आपल्या आवडीची दोन-तीन पुस्तके सांगावीत. त्यावरून पुढचे पुस्तक काढून देणे हे आमच्या कामातील सर्वांत आवडते काम आहे.

संकल्प करणाऱ्या सभासदांना १५ जानेवारीपर्यंत देवघेवीच्या टेबलावर एक नोंदकार्ड विनामूल्य मिळेल. त्यावर तारीख, पुस्तकाचे नाव, वाचलेली पाने आणि पुस्तकाविषयी एक ओळ लिहिण्यासाठी जागा आहे. कार्डधारकांना पाचशेहून अधिक पानांचे पुस्तक नेहमीच्या दुप्पट मुदतीसाठी नेता येईल आणि त्या वाढीव मुदतीचा विलंब आकार घेतला जाणार नाही. पुस्तक नेतानाच तसे सांगावे, म्हणजे परतीची तारीख त्याप्रमाणे टाकून देता येईल.